रिकाम्या सॉकेटची रेघ

विजेचे संकेत पडद्यावर रेघेत दाखवणाऱ्या जुन्या ऑसिलोस्कोपला आता कोणता प्रोब, म्हणजे संकेत आत आणणारी वायर, चालेल, हे विचारायला दुरुस्तीवाल्या अण्णांनी कंपनीत फोन लावला. तिकडची मुलगी मोठी हसतमुख होती.

"काका, ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. आमचा कुठलाच प्रोब त्याला बसायचा नाही. सध्या काय जोडलंय?"

"काहीच नाही. सॉकेट रिकामं आहे."

"मग पडद्यावरची रेघ सरळच असणार."

रेघ सरळ नव्हती. मुलीच्या प्रत्येक वाक्याआधी ती, जेवढं लांब वाक्य तेवढाच वेळ, थरथरत होती. अण्णांनी सवयीने घड्याळ लावून पाहिलं. थरथर आधी, आवाज बरोबर दहा सेकंदांनी.

हे तिला सांगावं कसं, या विचारात ते असतानाच रेघ पुन्हा हलली. आधी एक छोटीशी लाट आली. तिच्या पाठोपाठ रेघ पडद्याच्या वर-खाली वेड्यासारखी उसळली, उसळतच राहिली आणि एकदम सपाट झाली.

अण्णा फोनमध्ये ओरडले. "पोरी, फोन टाक आणि आधी त्या खोलीतून बाहेर पड!"

मुलगी खळखळून हसली. "का हो काका, काय झालं?"

हीच ती छोटी लाट होती.