पहिली खेप

सरांनी वाळूवरची टोपली उचलली आणि आबा ओरडले, "अगं ये, निघाली की कासवाची पिल्लं!"

"हळू, आबा," सर म्हणाले. "कोल्हापूरची नाहीत ती, दचकतील."

गारगोटीचे आबा उभ्या आयुष्यात पन्हाळ्यापलीकडे गेले नव्हते. पण २००६ च्या मार्चात त्यांची बायको मीनाबाई म्हणाल्या, "चला, समुद्रावर कासवं वाचवायला जाऊ," तर हा गडी पिशवी भरून तयार. मीनाबाईंना स्वतःच्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

कारण सर म्हणजे त्यांचा जावई अतुल. लेक मनालीनं उचगावच्या या बौद्ध मुलाशी विहारात लग्न केलं, तेव्हा आबा गेले नाहीत. दोन वर्षं घरात लेकीचं नाव नाही. जावयाचं तोंड पाहिलेलं नाही. आता मनालीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढंच मीनाबाईंचं मागणं. आधी माणूस आवडू दे, मग नाव सांगू, असा बेत.

माणूस आवडण्यासारखाच होता. बिनपगारी रजा टाकून रोज पहाटे सात किलोमीटर वाळू तुडवायचा. कुत्र्याकोल्ह्यांच्या आधी अंडी गाठायचा आणि एकही न उलटता कुंपणात नेऊन पुरायचा. पूर्वी ती अंडी विकणारे आता त्याच्यासोबत राखणीला बसत.

"कासवीण कुठंही भटकू दे," तो सांगे, "अंडी घालायला माहेरच्या किनाऱ्याकडंच येते."

मीनाबाई आबांकडं बघत.

"शहाणी हाय," एवढंच म्हणून आबा एसटीडी बूथकडं चालू लागत. मळ्यातली म्हैस गाभण होती. धाकट्या भावाला, ज्ञानूला, रोज फोन. बूथचं दार लावूनही अख्ख्या आळीला ऐकू जाई, "घरी आणलीस का न्हाय अजून? पहिली खेप हाय तिची! पाय सुजल्यात का? एकटी ठेवू नगंस!"

"म्हशीची काळजी बघा," मीनाबाई अतुलजवळ डोळे पुसत. "पोटची पोर तेवढी दिसत न्हाय ह्यांना."

शेवटच्या सकाळी एका पिल्लाला लाटेनं दोनदा माघारी फेकलं. आबा ओल्या वाळूत पालथे पडले. "चल की मर्दा! भितोस व्हय?" तिसऱ्या लाटेला ते गेलं. मग उठून त्यांनी अतुलचा हात धरला.

"सर, तुमच्यासारखा माणूस म्या बघितला न्हाय."

मीनाबाईंनी पदर खोचला. हीच वेळ.

"अवो, एक सांगायचं हाय. रागावू नगा. हे सर म्हंजे..."

तेवढ्यात बूथवाली धापा टाकत आली.

"आबा, गारगोटीहून फोन! ती काल घरी पोचली, पायांची सूज उतरली. आणि विचारतेय, अतुलला घेऊन कधी येताय?"