कावळ्यांची ओळख

कुऱ्हाडीचा दांडा उकंडाच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज नाल्याकाठच्या सगळ्यांनी ऐकला.

"बोल!" नानाजी गरजले. "माह्या भावाले विहिरीत कोनं लोटलं?"

"कोनीच नाही, मालक. पाय घसरला त्यायचा. देवाशप्पथ!"

दुसरा दांडा तोंडावर बसला. दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं.

त्याच भावाचा, किसनरावांचा, दहावा होता. ढाणकी गावापासून दीड कोसावर, नाल्याच्या वाळूत पिंड मांडून दोन तास होऊन गेले होते. समोरच्या कडुनिंबावर तीसेक कावळे बसले होते, पण एक म्हणून खाली उतरत नव्हता. मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. 'तुमची म्हैस विकणार नाही' म्हणून झालं, 'मंदिराला कळस चढवू' म्हणून झालं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू आणि शिवून घेऊ. त्यावर नानाजी उसळले. "दर्भाचा नाही चालत! भाऊ त्याच्या मारनाऱ्याचं नाव सांगून राह्यला." आणि किसनराव विहिरीत पडले तेव्हा मोटेवर होता कोण? त्यांचा सालदार उकंडा. आदल्याच दिवशी बैलाला पुराणीची टोकदार काठी टोचण्यावरून मालक-गड्याची जुंपली होती. झालं! आणखी पुरावा लागतो कोणाला?

किसनरावांचा एकुलता एक मुलगा शेषू पिंडापुढं हात जोडून बसला होता. यवतमाळच्या कॉलेजात शिकणारा पोरगा. डोकं सकाळीच भादरलेलं. त्याचं लक्ष कावळ्यांच्या ओरडण्याकडे होतं. दोन तुटक, एक लांब. पुन्हा दोन तुटक, एक लांब. ही ओरड त्याला तोंडपाठ होती. वहीत त्यानं तिचा अर्थसुद्धा लिहून ठेवला होता: वैरी आला.

बासष्ट सालची दिवाळीची सुट्टी आणि निबंधाचा विषय 'पक्ष्यांची बुद्धी'. बाकीची पोरं ग्रंथालयात बसून पुस्तकांतली पानं उतरवत होती. शेषूला मात्र स्वतः शोधलेलं काहीतरी हवं होतं. म्हणून त्यानं ज्वारीतल्या मचाणावरून गोफणीनं सात कावळे मारले, बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत. मेलेले काठ्यांना टांगले. मग तपासत बसला. धोतर नेसून गेला, कावळे ओरडले. बापाचं पागोटं घालून गेला, ओरडले. उकंडाला आपला शर्ट-पायजमा घालून पाठवला, एकही ओरडला नाही. 'कावळा कपडे नाही, माणूस ओळखतो,' असं त्यानं लिहिलं आणि खाली लाल रेघ ओढली. केवढा खूश होता त्या दिवशी! किसनराव मात्र टांगलेले कावळे पाहून भडकले होते. "अबे, सारेच मारशीन तं उद्या माह्या पिंडाले कोन येईन? तुहा मास्तर?" शेषू खो खो हसला होता.

आणि आता ते सगळे वरून त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहत होते. केस गेले तरी ओळखलं! लाज वाटावी अशी गोष्ट, पण बापाच्या पिंडापुढं, उकंडाच्या किंकाळ्या कानावर येत असताना, शेषूला क्षणभर आनंद झाला. निबंधाचा अडलेला शेवट त्याला सापडला होता.

तेवढ्यात सुखीबाईनं, उकंडाच्या बायकोनं, त्याचे पाय धरले. "शेषूभाऊ, तुमी शिकेल हाये. सांगा ना यायले! मारून टाकतीन हो त्याले!"

शेषूला स्वतःची किळस आली. तो ताडकन उठला. "काका, थांबा! कावळे मले पाहून येऊन नाही राह्यले. म्या त्यायचे सात मारले. ते मले वळखतात."

"कावळा मानूस वळखते?" नानाजी थुंकले. "कालेजात भेजा नासला तुहा. बाजूले हो!" त्यांनी दांडा दोन्ही हातांनी वर उचलला. खाली उकंडाचं डोकं होतं.

"मी इथून गेलो का कावळा शिवते!" शेषू जीव तोडून ओरडला. "पाहाच तुमी! मी गेलो का शिवते!"

दांडा हवेतच थांबला. शेषू पळत सुटला. वाळू, दगड, मग शेताच्या कडेचा धुरा. धुऱ्यापलीकडच्या तुरीत शिरून तो मटकन खाली बसला. छाती भात्यासारखी चालली होती. कावळ्यांची ओरड थांबली. मग पंखांची फडफड झाली, आणि नाल्याकाठून एकच गलका उठला, "शिवला! शिवला!"

शेषू रडला आणि रडता रडता हसला. उकंडा वाचला. बाप जेवला. "बाबा, चुकलो," तो पुटपुटला. "माफ करा."

तुरीत माणसांची चाहूल लागली. आपल्याला बोलवायला आले असतील म्हणून डोळे पुसत तो उठून उभा राहिला. समोर नानाजी होते आणि रक्ताळलेला दांडा अजून त्यांच्या हातात होता. मागं अख्खा दहावा होता.

"तुह्याच तोंडानं बोलला तू," नानाजी म्हणाले. "तू गेला अन् शिवला. आता सांग, बापाले काहून लोटलं?"

शेषूनं तोंड उघडलं, तोच पहिला दगड त्याच्या भादरलेल्या डोक्यावर बसला. तो उकंडानं मारला होता, धड राहिलेल्या हातानं.