माडीवरची खिडकी

केरबा कुंभाराने संग्रहालयासाठी संस्थानकाळच्या बाळंतिणींच्या दवाखान्याची शाडूची प्रतिकृती केली, ती इतकी हुबेहूब, की बघायला आलेला शिपाई तिच्यापुढे उभा राहून केसपेपर मागू लागला. खोटं वाटत असेल तर शिपायालाच विचारा.

“सगळं झकास आहे केरबामामा,” संग्रहालयाच्या मॅडम जुना फोटो शेजारी धरून म्हणाल्या, “पण माडीवरची ही एकच खिडकी उघडी कशी? फोटोत तर सगळ्या बंद आहेत.”

“फोटोवाला चुकीच्या दिवशी आला असंल.”

मॅडम खळखळून हसल्या. “उद्या उद्घाटन आहे, मामा. फोटोप्रमाणे करून टाका.”

त्या दवाखान्यात पुरुषांना आत सोडत नसत. पन्नास वर्षांपूर्वी केरबा खाली रस्त्यावर उभा होता आणि बायकोने त्याच खिडकीतून तान्ही लेक उचलून दाखवली होती. “नाक माझ्यावर न्हाई गेलं, वाचली पोरगी!” असं ओरडून त्याने पटका हलवला, तेव्हा सगळा रस्ता हसला. दुसऱ्या दिवशी तो डिंकाचे लाडू घेऊन आला, तर खिडकी बंद होती. मायलेकी दोघी रात्रीतच गेल्या होत्या.

केरबाने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आताही सांगितलं नाही. त्याने काडेपेटीच्या सालपटाची ती दोन इवली दारं लोटली, फटीत फेविकॉलचा थेंब सोडला आणि वरून बोट दाबून धरलं.

“चिकटली की आता, मामा. सोडा.”

केरबाला बोट काढवेना.