काढलेली पानं

नर्सबाईंनी केमोथेरपीची माहिती देणारी पुस्तिका हातात ठेवली, तेव्हा बाइंडरने ती आधी दुकानात नेऊन उसवली. ‘उपचार थांबवावे लागले तर’ हे शेवटचं प्रकरण काढून खणात टाकलं, पुस्तिका पुन्हा शिवली आणि मगच बायकोला दिली.

“शिवण सुटली होती, नीट केली,” तो म्हणाला.

“तुमचा हात लागला नाही असं एखादं तरी पुस्तक राहू द्या,” ती हसली.

त्या आजारातच ती गेल्यावर, दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून, ती पानं परत जोडायला त्याने पुस्तिका उघडली. तेव्हा लक्षात आलं, अनुक्रमणिका बदलायची राहूनच गेली होती.

 

तिथे शेवटच्या प्रकरणाच्या नावावर तिने कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवून ठेवली होती.