गुडघेदुखीचा रविवार

टोमॅटोची बाराही रोपं माना टाकून पडली होती. उद्या सकाळी नवऱ्याच्या, मर्लच्या, हृदयाचं ऑपरेशन, आणि आजच हे! चर्चसाठी घातलेली टोपी काढून अर्डिथ वाफ्याच्या कडेला मटकन बसली.

घराभोवती काळे अक्रोड उभे होते. नऊशे झाडं, सगळी मर्लने लावलेली. काळ्या अक्रोडाच्या मुळांशी टोमॅटो जगत नाही, हे मिसूरीतलं शेंबडं पोरही सांगेल. झाडं मोठी झाली तेव्हा एका उन्हाळ्यात तिचा वाफा असाच जळाला होता. "आता एक तर तुझी झाडं, नाहीतर माझे टोमॅटो!" ती रडत ओरडली होती. मर्ल म्हणाला, "पुढच्या वर्षी एकदा लावून तर बघ."

त्यानंतर तीस वर्षं तिचं एक रोप मेलं नाही. चर्चमधल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. घरावर देवाचा हात आहे, असं अर्डिथ मनापासून मानायची. मर्लचा गुडघा मात्र दर उन्हाळ्यात नेमका रविवारीच दुखायचा आणि चर्च बुडायचं. "देवाचं नाव काढलं की बरा दुखतो तुझा गुडघा!" असं ती त्याला टोचायची.

आता देवाने हात काढून घेतला होता. मर्ल काही हॉस्पिटलातून परत येत नाही, असं तिला वाटून गेलं.

इतक्यात फाटकातून नर्सरीवाल्या क्लेमची गाडी आत आली. टोमॅटोच्या रोपांची पेटी उचलून तो वळला आणि तिला बघून जागीच थिजला.

"अर्डिथबाई! तुम्ही चर्चला नाही गेलात?"

"ही रोपं कुणाची, क्लेम?"

क्लेमने पेटी खाली ठेवून मान खाजवली. "मर्लचा हॉस्पिटलातून फोन आला. म्हणाला, आतापर्यंत सुकली असतील, अर्डिथ चर्चहून यायच्या आत बदलून टाक. दर वर्षी तुम्ही चर्चला गेलात की आम्ही दोघं मिळून..."

अर्डिथला हसू आलं, आणि मग रडूही. "मग बघतोस काय नुसता? खुरपं आण," ती म्हणाली.

संध्याकाळी हॉस्पिटलात मर्लने आधी तेच विचारलं. "टोमॅटो?"

"हिरवेगार आहेत. एक पान सुकलेलं नाही."

"तुझ्या हाताला गुणच आहे तसा," तो समाधानाने म्हणाला.

अर्डिथने मातीने भरलेली नखं चादरीखाली लपवली. "तू फक्त लवकर घरी ये. रविवारी गुडघा दुखला तर खुशाल दुखू दे."