युनूसची पेज

निर्वासितांच्या छावणीत आमच्या मिशनचा नियम होता, रांगेत येईल त्यालाच पेज. तापाने फणफणलेल्या युनूसपुरता तो मी मोडला होता. त्याची आई सनजिदा डबा घेऊन यायची. पेज ओतून झाली की गरम झाकणावर हात ठेवून मी त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. माझ्या ‘आमेन’पाठोपाठ ती ‘आमीन’ म्हणायची आणि डबा ओढणीखाली घेऊन निघून जायची.

आज दुपारी माझ्या वाटणीचं मोसंबं युनूसला द्यावं म्हणून मी त्यांच्या तंबूत गेले. त्याच्या दोन धाकट्या बहिणी तोच डबा बोटांनी निपटत होत्या. युनूसचं कांबळं घडी घालून ठेवलेलं.

“कुठाय तो?”

“मागच्या टेकाडावर पुरलाय,” सनजिदा म्हणाली. “आज नऊ दिवस झाले.”

माझं डोकंच फिरलं. “नऊ दिवस मी त्याला बरं कर म्हणून देवाला विनवतेय, आणि तू तोंड वर करून आमीन म्हणत होतीस? रांगेतले शेवटचे रोज उपाशी परत जातात, दिसत नाही तुला? फसवलंस मला, बाई!”

तिने मान खाली घातली नाही. माझ्या हातातलं मोसंबं घेतलं, सोललं आणि दोघी पोरींना अर्धं अर्धं दिलं.

“सिस्टर, तुम्हीच म्हणायचात, देव तुमच्याशी रोज बोलतो,” ती म्हणाली. “मग नऊ दिवसांत त्याने तुम्हाला एकदाही सांगितलं नाही?”