गंजाचे दोन हात

खरा नक्षीचा पत्रा परवडणारा नव्हता, म्हणून सूनबाईने ओट्यामागच्या भिंतीला पत्र्यासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या टाइल्स स्वतःच चिकटवल्या. पण त्या दिसायला लागल्या अगदीच चकचकीत, कालच दुकानातून आणल्यासारख्या. जुन्या पत्र्याची सगळी शान गंजात! मग तिने दोन रविवार कंबर मोडेस्तोवर ओट्यावर वाकून स्पंजने तपकिरी रंगाचे दोन हात दिले. नक्षीच्या पाकळीपाकळीत गंज असा काही उतरला की नवराही फसला. "घर एकदम शंभर वर्षांचं वाटतंय गं," तो म्हणाला, आणि तिने हुरळून ऑफिसातल्या मैत्रिणींना चहाला बोलावून टाकलं.

नेमक्या त्याच दिवशी दुपारी सासूबाई लेकीकडचा मुक्काम आटोपून परतल्या. सुनेने आणलेल्या कुठल्याही वस्तूला नाक मुरडायचं, हा त्यांचा नेम. संध्याकाळी सूनबाई मैत्रिणींना घेऊन मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरात शिरली, तर सासूबाई बाह्या सारून ओट्यापाशी उभ्या. हातात तारेची घासणी, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर, कधी नव्हे ते, सुनेच्या खरेदीचं कौतुक.

"मला आधी वाटलं, दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला तुझ्या..."


"...पण नाही हो सूनबाई, घासल्यावर आतून अगदी नवाकोरा निघाला!"